दहावीचे मार्क विचारून एडीएचडी कळत नाही

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं, चंचलता आणि उतावळेपणा आवरणं लहानपणापासून जड जाणं. सातारा किंवा सांगलीत पस्तिशी-चाळिशीतलं कुणी ‘मला एडीएचडी असेल का?’ असं विचारायला गेलं, तर घाईची दोन उत्तरं मिळू शकतात. एक : ‘दहावीला किती पडले? ब्याऐंशी टक्के? मग कसला आलाय एडीएचडी. मोबाइल कमी करा.’ दुसरं : सहा प्रश्नांचा फॉर्म, त्यावर चार खुणा, आणि ‘हो, आहे.’ पहिलं उत्तर ऐकून माणूस ओशाळतो, दुसरं ऐकून सुखावतो. तपासणी मात्र दोन्हीकडे झालेली नसते.

प्रौढांची तपासणी सन्मानाने व्हावी, असं हल्ली बोललं जातं आणि ते बरोबरच आहे. पण सन्मानाचा अर्थ रुग्णाला हवं ते उत्तर देणं असा लावला, तर त्या मागणीची टिंगल व्हायला वेळ लागणार नाही. समोरच्याचं म्हणणं आळशीपणाचा किंवा चारित्र्याचा शिक्का न मारता ऐकून घ्यावं, लहानपणापासूनचा पुरावा तपासावा, दुसरी कारणं खरोखर शोधावीत आणि उत्तर कारणांसह लिहून द्यावं. सन्मान तो एवढाच. त्याला दोन-तीन तास लागतात. हे तास जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, मराठीत मिळाले पाहिजेत, अशी आमची मागणी आहे.

आधी मार्कांचा निकाल लावू. निदानाचे निकष डीएसएम-५ या अमेरिकी नियमावलीत २०१३ पासून आहेत ते असे : लक्ष न टिकण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं, सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांत यांपैकी कुठल्याही एका गटातली किमान पाच, ती सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेली, काही लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली, घर, काम, नातेसंबंध यांपैकी किमान दोन ठिकाणी जाणवणारी, त्यांनी जगण्यात खरोखर अडथळा आणलेला, आणि दुसऱ्या आजाराने नीट समजावता न येणारी. आधीच्या आवृत्तीत वयाची अट सातव्या वर्षाची होती, ती बारापर्यंत वाढवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही, जी २०२२ पासून लागू झाली, एडीएचडी स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. या सगळ्यात दहावीच्या टक्क्यांची अट कुठेही नाही. हुशार मूल परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं वाचून निभावून नेतं. अडचण त्या आदल्या रात्रीची आहे, आणि मार्कांच्या कागदावर ती रात्र दिसत नाही.

आपल्या भागात ही अडचण झाकणाऱ्या व्यवस्था बऱ्याच आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. तेव्हापासून वसतिगृहात राहून शिकण्याची परंपरा इथे रुजली. पहाटे उठवणारी घंटा, ठरलेला अभ्यासाचा तास, शेजारी बसून वाचणारी पोरं. ज्याला स्वतःहून सुरुवात करणं जमत नाही, त्याला ही घंटा तारून नेते. सैन्यात जाणाऱ्यांची संख्या साताऱ्यात मोठी. तिथे तर दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याने आखलेला असतो. घरात आई डबा, दप्तर, फीची तारीख सगळं बघते. मग मुलगा एमपीएससीच्या तयारीला पुण्यात खोली घेऊन राहतो, जवान निवृत्त होऊन दुकान टाकतो, मुलगी लग्न होऊन नव्या घराचा कारभार अंगावर घेते, आणि दोन वर्षांत सगळं विस्कटतं. ‘इतकी वर्षं ठीक होतास, आता काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा हेच असतं की बाहेरचा टेकू निघाला. म्हणून तपासणाऱ्याने लक्षणं कधी सुरू झाली एवढं विचारून थांबू नये. त्या वयात कोण उठवायचं, वह्या कोण भरून घ्यायचं, पैसे कोण सांभाळायचं, हेही विचारायला हवं.

प्रश्न कसे विचारले जातात यावर बरंच अवलंबून आहे. चाळणी म्हणून वापरली जाणारी एएसआरएस ही जागतिक आरोग्य संघटनेची अठरा प्रश्नांची यादी आहे. तिच्या पहिल्या सहा प्रश्नांत चार किंवा जास्त उत्तरं ठरलेल्या रकान्यात पडली, तर पुढे तपासायला हवं एवढाच तिचा अर्थ. निदानासाठी डिवा-५ सारखी मुलाखत असते. तिच्यात प्रत्येक लक्षणाबद्दल आत्ताचं उदाहरण आणि लहानपणचं उदाहरण अशी दोन्ही मागितली जातात, आणि तिला साधारण दीड तास लागतो. यादीतली किंवा मुलाखतीतली उदाहरणं मीटिंग, ईमेल आणि फाइलींच्या जगातली असली तर तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला ती आपली वाटणार नाहीत. ‘मीटिंगमध्ये बसवत नाही का?’ या प्रश्नाला तो नाहीच म्हणेल, कारण त्याला मीटिंगच नसते. त्याला फळछाटणीनंतरच्या महिना-दीड महिन्याबद्दल विचारावं. डावणी रोगाची फवारणी किती वेळा हुकली? निर्यातीच्या बागेला लागणारी फवारणीची नोंदवही रोज भरता, की तपासणी आली की एका बैठकीत आठवून भरता? औषधाचं बिल कुठे आहे? अवकाळी पाऊस आला की हाच माणूस रात्रभर सगळ्यांच्या पुढे राबतो आणि आठवडाभरात परत सैलावतो, असं घरचे सांगतात का? संकटात तल्लख आणि रोजच्या कामात गळका, हा नमुना इथे सापडतो.

घर सांभाळणाऱ्या बाईला वेगळं विचारावं. दूध किती वेळा उतू जातं, हा प्रश्न पोरकट वाटेल, पण त्यामागे खरा प्रश्न आहे : एक काम हातात असताना दुसरं सुरू होऊन पहिलं मनातून पूर्ण पुसलं जातं का, आणि हे रोज होतं का? भिशीचा हप्ता, गॅसचा नंबर, मुलांच्या शाळेची सही, सासऱ्यांच्या गोळ्या हे सगळं ती कशाच्या आधारावर लक्षात ठेवते? पुष्कळ बायकांची चंचलता हातापायांत दिसतच नाही, ती डोक्यात चालते. बाहेर दिसतं ते स्वप्नाळूपण किंवा ‘वेंधळी आहे जरा’ हे शेजारणीचं मत. शिवाय बोलणी खायची नाहीत म्हणून त्या चुका होण्याआधीच तीनदा तपासतात, पाहुणे येणार म्हटलं की दोन रात्री जागून घर लावतात. काम झालेलं दिसतं, त्यासाठी मोडलेली झोप दिसत नाही. ‘जमतं का?’ याबरोबर ‘जमवायला काय मोजावं लागतं?’ हेही विचारलं नाही, तर अशा बाईला ‘तुम्हाला नुसतं टेन्शन आहे’ सांगून परत पाठवलं जातं.

बालपणाचा पुरावा हा या तपासणीचा कणा. आणि तो गोळा करणं वाटतं तेवढं अवघड नाही. जुनी प्रगतिपुस्तकं काढा. टक्क्यांपेक्षा शेऱ्याचा रकाना वाचा : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’, ‘वर्गात बडबड’, ‘वही अपूर्ण’, ‘अक्षर सुधारावे’. एका शेऱ्याने काही सिद्ध होत नाही. चौथी, सहावी, नववी अशा वेगवेगळ्या शिक्षकांनी तेच लिहिलं असेल तर त्याला वजन येतं. मग आई-वडील. आईला ‘लहानपणी लक्ष कमी होतं का?’ असं विचारलं की ती पोराची बाजू घेऊन ‘छे, लई हुशार होता’ म्हणते. तिला वस्तू विचाराव्यात. वर्षाला किती छत्र्या हरवल्या? डबा शाळेत राहायचा का? गिरणीवर पाठवलं तर दळण घेऊनच यायचा, की वाटेत खेळ बघत बसायचा? हुड, धांदरट, विसरभोळा, उचापती असे शब्द घरात कुणासाठी वापरले जायचे? दहा मिनिटांत इतकं सापडतं की लिहायला कागद पुरत नाही. आई-वडील नसतील तर मोठी बहीण, मामा, शाळेपासूनचा मित्र चालतो. कुणीच नसेल तर तेवढ्यावरून तपासणी नाकारणं चूक आहे. मग रुग्णाच्या स्वतःच्या आठवणी तारीखवार, प्रसंगवार घ्याव्या लागतात. एक पथ्य मात्र पाळायचं. माहिती कुणाकडून घ्यायची हे रुग्णाने ठरवायचं. सुनेला न विचारता सासूला आत बोलावलं, तर पुढचा सगळा तास वाया जातो, आणि घरी गेल्यावर काय होतं ते वेगळंच.

दुसरी कारणं शोधण्याचा भाग रुग्णांना आवडत नाही. त्यांना वाटतं, डॉक्टर टाळतायत. पण हा भाग सोडणारा डॉक्टर रुग्णाचा मान राखतोय असं म्हणता येणार नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या साध्या रक्ततपासण्या. घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेतला श्वास अडखळतो का ते पाहणं. कारखान्यात फिरती पाळी असेल तर झोपेचा दोन आठवड्यांचा तक्ता. नैराश्य आणि चिंता एडीएचडीच्या जागी असू शकतात, त्याच्या सोबतही असू शकतात. फरक काळावरून कळतो. नैराश्य येतं आणि ओसरतं, एडीएचडीची लक्षणं बालपणापासून कमी-जास्त चालूच असतात. दोन-चार आठवडे झोप नको, पैसा उधळणं, भन्नाट योजना आणि मग कोसळणं असा इतिहास असेल तर बायपोलर आजाराचा विचार आधी, कारण तो न ओळखता एडीएचडीवरचं उत्तेजक औषध दिलं तर ते अंगाशी येऊ शकतं. चाळिशीपुढच्या बाईला पाळीबद्दल विचारलंच पाहिजे. आणि तंबाखू. मावा, गुटखा यांबद्दल पुरुषांना विचारतात, पण सकाळी मिश्री लावणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही. एडीएचडी असलेल्यांत तंबाखूचं प्रमाण जास्त आढळतं, आणि निकोटिनने काही वेळ लक्ष लागल्यासारखं होतं. मिश्रीशिवाय कामच सुरू होत नाही, हे उत्तर निदान नाही, पण नोंद करण्यासारखं आहे.

आता ज्या गोष्टींवर पैसे घालू नयेत त्या. कुठलाही स्कॅन, कुठलंही ‘ब्रेन मॅपिंग’ किंवा रक्ताचा रिपोर्ट एडीएचडीचं निदान करत नाही. संगणकावर बटण दाबायची लक्ष-चाचणी पूरक म्हणून ठीक. नवी आणि रंजक असल्याने तिच्यात चांगले गुण मिळवणारे एडीएचडीवाले असतात, आणि झोप न झालेला साधा माणूस नापास होतो. बुद्ध्यंकाची चाचणी अध्ययन-अक्षमतेची वगैरे शंका असेल तरच. ‘गोळी घेऊन बघा, बरं वाटलं तर एडीएचडी आहे’ हा सर्वांत फसवा मार्ग, कारण उत्तेजक औषधाने एडीएचडी नसलेल्यालाही तरतरी येऊ शकते.

आक्षेप येतो तो असा : हे रीळ बघून आलेलं खूळ आहे, उद्या सगळ्यांनाच एडीएचडी निघेल. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पन्नास सेकंदांचा व्हिडिओ चावी विसरण्याला लक्षण ठरवतो, आणि चावी कोण विसरत नाही? पण यावर उपाय कुठला? दार बंद केलं तर खरा रुग्ण घरी बसतो आणि खूळवाला ऑनलाइन प्रमाणपत्र मिळवतो. व्यवस्थित तपासणीत मात्र बालपणाचा पुरावा नाही, अडथळा एकाच ठिकाणी आहे, लक्षणं मागच्या वर्षी नोकरी बदलल्यापासूनची आहेत, असं कळतं आणि ‘नाही’ हे उत्तर कारणासकट देता येतं. अतिनिदानाची खरी काळजी असणाऱ्यांनी तर लांब, काटेकोर तपासणीची मागणी सगळ्यांच्या आधी करायला हवी. आणि ‘नाही’ हे उत्तरही सन्मानाचं असू शकतं : मग काय आहे, आणि त्यासाठी पुढे काय करायचं, हे सांगितलं तर.

ही तपासणी पुण्या-मुंबईहून व्हिडिओवर होते, मग जिल्ह्यात कशाला? मुलाखत व्हिडिओवर चांगली होऊ शकते, हे मान्य. अडतं ते औषधाशी. प्रौढांसाठी पहिल्या पसंतीच्या औषधांपैकी आपल्याकडे मिळणारं मिथाइलफेनिडेट हे अमली पदार्थविषयक १९८५च्या कायद्याखाली येतं आणि औषध नियमांच्या शेड्युल एक्स या कडक बंधनांच्या यादीतही आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशी औषधं दूरस्थ सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. म्हणजे तपासणी फोनवर झाली, तरी गोळीसाठी समोर बसणारा डॉक्टर लागतोच. शिवाय चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत औषध दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची असते, आणि हे औषध विकायला त्याच्याकडे वेगळा परवाना असावा लागतो. तालुक्याच्या गावी असा परवाना असलेलं दुकान असेलच असं नाही. रुग्णाने दवाखान्यातून निघण्याआधीच विचारून घ्यावं : दोन प्रती दिल्या का, आणि गोळी नेमकी कुठल्या दुकानात मिळेल? नाहीतर जत किंवा म्हसवडहून एसटीने आलेला माणूस दोन-चार दुकानं हिंडून रिकाम्या हाताने परत जातो, आणि तारखा-कागदपत्रं सांभाळणं हेच ज्याला जड जातं त्याच्यासाठी उपचार तिथेच संपतात. अटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाला शेड्युल एक्सची ही बंधनं नाहीत, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात, हे आधी सांगितलं नाही तर लोक दहाव्या दिवशी बंद करतात. दोन्हींच्या आधी रक्तदाब, नाडी, वजन आणि हृदयविकाराचा इतिहास पाहायचा असतो. तेही व्हिडिओवर होत नाही.

जिल्ह्यात माणसं नाहीत असंही नाही. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेत १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मानसोपचार विभाग आलाच. १९९६ पासून चाललेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता अशी तिन्ही पदं आहेत. नाही तो वेळ. सकाळच्या ओपीडीच्या गर्दीत एका माणसाला पाच-सात मिनिटं मिळाली, तर त्यात निदान कसं बसणार?

म्हणून मागणी अशी. आठवड्यातून एक दुपार, ओपीडी संपल्यावर, आधी वेळ घेऊन. तीन तासांत एकेक तासाच्या तीन बैठका. प्रत्येक माणसाला अशा दोन. पहिली बैठक मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्याने घ्यावी : एएसआरएस, बालपणाचा इतिहास, घरच्यांशी बोलणं. दुसरी मानसोपचारतज्ज्ञाने : उरलेली मुलाखत, दुसरी कारणं, निष्कर्ष. पहिल्या बैठकीआधी फोनवर सांगावं की प्रगतिपुस्तक, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि जमल्यास घरचं एक माणूस आणा. आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जावा. एडीएचडीच्या शंकेने येणारा माणूस वेळ विसरला म्हणून त्याचं नाव यादीतून काढणं म्हणजे लंगड्याला जिना चढून यायला लावणं.

या हिशोबाने वर्षाला सत्तरेक लोक होतील. २०११च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या तीस लाखांवर आणि सांगलीची अठ्ठावीस लाखांवर होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक एकत्रित अभ्यासात बालपणापासून टिकून राहिलेल्या एडीएचडीचं प्रौढांतलं प्रमाण २.५८ टक्के आलं. त्याच्या अर्ध्याने धरलं तरी एकेका जिल्ह्यात हजारो माणसं होतात, आणि सत्तर हा आकडा हास्यास्पद दिसतो. तरीही सुरुवात इथूनच करावी, कारण या दुपारी तिथे बसणारे पदव्युत्तर विद्यार्थी तपासणी शिकतील आणि पुढे कराड, विटा, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), फलटणला दवाखाना टाकतील. आत्ता ते शिकतात ते मुलांच्या एडीएचडीबद्दल जास्त, मोठ्यांच्या कमी.

कायदा या मागणीच्या बाजूने आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आरोग्यसेवेच्या व्याख्येतच तपासणी आणि निदान येतं, नुसत्या संशयित आजारासाठीसुद्धा. कलम १८ प्रमाणे ही सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची आणि भौगोलिकदृष्ट्या पोहोचण्याजोगी असली पाहिजे. कलम २५ ने स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे. अपंगत्वाच्या २०१६च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मात्र एडीएचडीचं नाव वेगळं नाही. त्यामुळे या अहवालावर आपोआप अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा आरक्षण मिळेल, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. खोट्या दाखल्यांची भीती घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

अहवालात काय असावं याचा आग्रह रुग्णानेच धरायला हवा. माहिती कुणाकुणाकडून घेतली, कुठली लक्षणं, प्रत्येकाचं आत्ताचं आणि लहानपणचं उदाहरण, अडथळा कुठे-कुठे, कुठले दुसरे आजार तपासले आणि ते का वगळले किंवा सोबत धरले, माणसाची बलस्थानं कुठली, कारण पुढचे उपाय त्यांच्यावरच उभे राहतात, आणि पुढची तारीख. खाली सही आणि नोंदणी क्रमांक : डॉक्टरचा वैद्यकीय परिषदेचा, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा. मानसशास्त्रज्ञ मुलाखत घेऊन अहवाल लिहू शकतो, औषध लिहू शकत नाही, हेही आधीच स्पष्ट असावं. मूळ अहवाल इंग्रजीत असला तरी एक पान मराठीत हवं, घरच्यांना वाचता येईल असं. ‘एडीएचडी, औषध सुरू’ एवढी एक ओळ लिहिलेली चिठ्ठी हातात पडली तर पूर्ण अहवाल लेखी अर्ज देऊन मागावा, अर्जाची पोच घ्यावी, आणि त्या पोचेचा फोटो लगेच मोबाइलमध्ये काढून घरच्या एका माणसाला पाठवून ठेवावा.